वीज हवी, पण ती वीज नको!

दोस्तांनो, या सदराकडे आलेल्या एका पोस्टकार्डावर दोन प्रश्न होते. "आमच्या घरामागे मोबाइलचा टॉवर आहे. त्याच्या टोकाला पांढरे डबे टांगलेत. इतक्या उंचावर त्यांना वीज कशी पोचते? आणि वळवाच्या पावसात एवढ्या विजा कडाडतात, तरी ते डबे जळत कसे नाहीत?"

प्रश्न छान आहेत, आणि गंमत बघा, दोन्ही प्रश्नांत शब्द एकच, 'वीज'. आपण मराठीत "वीज गेली" म्हणतो तेव्हा पंखा बंद पडलेला असतो, आणि "वीज पडली" म्हणतो तेव्हा कुणाचं तरी झाड जळालेलं असतं. शब्द एकच असला तरी त्यात चूक काही नाही, कारण मुळात दोन्ही एकच. फरक आहे तो मापाचा. टॉवरवर मात्र या दोन विजांची गाठ पडते. एक खालून वर न्यायची असते, बेताबेताने. दुसरी वरून खाली येते, न विचारता. आणि दोघींचा रस्ता त्याच लोखंडावरून आणि तांब्यावरून जातो.

आधी डब्यांची ओळख करून घेऊ. टॉवरवर उभे, लांबट, कपाटाच्या दारासारखे दिसतात ते अँटेना. त्यांच्या पाठीमागे किंवा जरा खाली छोटे, जाडजूड डबे असतात आणि त्यांना मोटारसायकलच्या इंजिनाला असतात तशा पट्ट्या असतात. हे खरे रेडिओ. पट्ट्या उष्णता बाहेर टाकायला. पूर्वी हे रेडिओ टॉवरच्या पायथ्याशी खोलीत बसत आणि तिथून मनगटापेक्षा थोड्या बारीक काळ्या केबल वर जात. पण तेवढ्या प्रवासात रेडिओलहरींची शक्ती केबलमध्येच विरून जायची, उंच टॉवरवर तर कधी कधी निम्मीच वर पोचायची. निम्मी वीज केबल तापवण्यात घालवायची, याला काय अर्थ? मग इंजिनिअरांनी रेडिओच उचलून वर नेऊन अँटेनाच्या शेजारी बसवला. तुमचं-आमचं बोलणं आता खालून वर काचेच्या केसासारख्या बारीक तंतूतून, प्रकाशाच्या रूपात जातं.

पण बोलणं प्रकाशातून गेलं तरी रेडिओचं पोट काही प्रकाशाने भरत नाही. त्याला वीज हवी. म्हणून तांब्याच्या दोन तारा वर न्याव्याच लागतात.

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा टॉवर ५० मीटर उंच आहे. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणजे तार झाली १०० मीटर. तारेची जाडी १० चौरस मिलिमीटर धरू. अशा १०० मीटर तांब्याच्या तारेचा रोध साधारण ०.१७ ओहम असतो. किती क्षुल्लक, नाही? आपला रेडिओ ४८० वॅट खातो असं मानू. त्याला जर मोटारीच्या बॅटरीसारखे १२ व्होल्ट द्यायचे ठरवले, तर धारा लागेल ४८० भागिले १२, म्हणजे ४० अँपिअर. शाळेतला ओहमचा नियम लावा: ४० गुणिले ०.१७ म्हणजे जवळजवळ ७ व्होल्ट. म्हणजे निघाले १२, आणि ७ वाटेतच संपले! वर बिचाऱ्या रेडिओला उरले ५. तो चालूच होणार नाही.

तेच ४८ व्होल्ट दिले तर? धारा लागते फक्त १० अँपिअर, आणि वाटेत गळती १.७ व्होल्टची. ही चालते. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे धारा चौपट कमी झाली की नासाडी सोळापट कमी होते. महापारेषणच्या मोठ्या लाइनींवर लाखो व्होल्ट का ठेवतात, त्याचंही उत्तर हेच. मग इथेही आणखी वाढवायचे की व्होल्ट! हो, पण माणसांना त्या तारांशी काम करायचं असतं. ४८ व्होल्ट हा असा आकडा आहे की वाटेत फार गळत नाही आणि कोरड्या हाताला सहसा जिवावरचा धक्का देत नाही. (सहसा म्हटलंय. हात लावून बघायचं नाही!)

४८ हा आकडा टेलिफोनच्या जुन्या जमान्यातला आहे. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं एक घर २ व्होल्टचं असतं. अशी २४ घरं ओळीने जोडली की झाले ४८. टॉवरच्या पायथ्याशी कुंपणात जे लोखंडी कपाट असतं, त्यात २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्याचं रूपांतर करून या बॅटऱ्या भरत ठेवतात. गावात लाइट गेली तरी फोन चालू राहतो तो या बॅटऱ्यांच्या जिवावर, आणि बराच वेळ गेली तर डिझेलच्या जनित्रावर. हल्ली लिथियमच्या बॅटऱ्या पण आल्या, पण आकडा ४८ चाच राहिला.

यातली एक गोष्ट मोठ्या माणसांनाही चकवते. टॉवरवरचे हे ४८ व्होल्ट उणे असतात! म्हणजे बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडतात आणि ऋण टोकाची तार वर नेतात. असं उलटं का? विद्युत विलेपनाचा प्रयोग आठवतोय का? मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या. धनाग्राची पट्टी झिजते आणि ऋणाग्रावर तांबं जमा होतं. टेलिफोनच्या तारा जमिनीतून, ओलाव्यातून जात. ती तार धन ठेवली असती, तर जिथे कुठे तिचं आवरण फाटेल तिथे ओल्या मातीत तांबं हळूहळू विरघळून गेलं असतं. ऋण ठेवली की तार टिकते. टेलिफोनवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं, आणि मोबाइलवाल्यांनी ती रीत तशीच पुढे चालवली.

हे झालं पहिल्या विजेचं. आता दुसरी.

आकाशातल्या विजेच्या एका झटक्यात साधारण ३०,००० अँपिअर धारा असते. आपल्या घरातला पंखा अर्ध्या अँपिअरच्याही खाली भागवतो. ज्या वाटेने वीज येते तिथली हवा ३०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! पण टॉवरच्या दृष्टीने खरी पंचाईत या आकड्यांत नाही, ती आहे घाईत. ही धारा शून्यापासून शिखरापर्यंत एका सेकंदाच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात चढते.

घाईने काय बिघडतं? प्रत्येक तारेला एक आळस असतो. धारा एकदम वाढायला लागली की तार अडून बसते, "हळू, हळू" म्हणते. रोज ४८ व्होल्ट नेणाऱ्या तारेला याने काहीच फरक पडत नाही, कारण तिथे घाईच नसते. पण विजेच्या झटक्यात, समजा एका मायक्रोसेकंदात दहा हजार अँपिअर धारा वाढली, तर सरळ तारेच्या दर मीटरवर सुमारे दहा हजार व्होल्ट उभे राहतात. उत्तम, जाड, तांब्याची तार असली तरी! तारेचा रोध कमी असून इथे उपयोग होत नाही. टॉवरचा वरचा भाग आणि पायथा यांच्यात त्या क्षणी लाखो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि आपला रेडिओ ४८ व्होल्टचा.

मग टोकाला तडितरक्षक लावला की झालं ना? बेंजामिन फ्रँकलिनचं नाव तुम्ही पुस्तकात वाचलंय. टोकदार सळई उंच लावायची आणि तारेने जमिनीत नेऊन पोचवायची. यातला दुसरा भाग महत्त्वाचा. १७५३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये गिऑर्ग रिचमन नावाचे प्राध्यापक असाच प्रयोग करत होते. छपरावर सळई, तिथून तार खोलीत, खोलीत मोजमापाचं उपकरण. विद्युतप्रभार मोजायचा म्हणून ती सळई जमिनीला जोडलेलीच नव्हती. वादळ आलं, रिचमन उपकरण वाचायला जवळ वाकले, आणि सळईपासून निघालेला लोळ त्यांच्या कपाळावर आला. ते जागीच गेले. विजेला वर बोलावायचं, आणि खाली जायचा रस्ता द्यायचा नाही, असं चालत नाही.

रस्ता म्हणजे अर्थिंग. घराबाहेर किंवा डीपीजवळ छोटा चौकोनी खड्डा पाहिला असेल, त्यात धातूची पट्टी किंवा नळी पुरलेली असते, भोवती मीठ आणि कोळसा. उन्हाळ्यात वायरमन तिथे बादलीभर पाणी ओततात ते उगीच नाही. ओली, खारट माती वीज चांगली वाहून नेते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी, चिकण माती ओलावा धरून ठेवते, तिथे अर्थिंग त्यामानाने सोपं. पण टॉवर बांधायचे कुठे? उंचावर. आणि सह्याद्रीत उंचावर असतो काळाकभिन्न कातळ, वर वीतभर माती. सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा पुणेकरांना रोज दिसतो. तशा जागी सळई ठोकायला गेलात तर हातोडा उसळून परत येतो. मग अशा डोंगरावर खोल जाण्याऐवजी आडवं पसरतात. टॉवरभोवती धातूच्या पट्टीचं कडं पुरतात, त्यातून चहूबाजूंना लांबलांब पट्ट्या काढतात आणि भोवती बेंटोनाइट नावाची पाणी धरून ठेवणारी माती भरतात.

एवढं करूनही जमिनीचा रोध शून्य होत नाही. चांगल्या जागी काही ओहम तरी उरतो. १० ओहम धरा आणि गुणा: ३०,००० गुणिले १०. तीन लाख व्होल्ट! म्हणजे वीज पडते त्या क्षणी टॉवरचा पायथा, कुंपण, कपाट, सगळी जागाच्या जागा तीन लाख व्होल्टवर चढते. मग सगळं जळून खाक व्हायला हवं. होत नाही. का?

खेड्यातल्या मुलांनी एक दुःखाची बातमी नक्की ऐकली असेल. झाडावर वीज पडली आणि खाली बांधलेली गाय दगावली, शेजारची माणसं मात्र वाचली. वीज झाडातून जमिनीत उतरली की मुळाशी दाब सर्वांत जास्त, आणि दूर जावं तसा तो कमी होत जातो. गाईचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांत दीड मीटर अंतर. पुढच्या पायांखाली एक दाब, मागच्यांखाली दुसरा, आणि या दोहोंमधली वाट जाते छातीतून. माणसाचे दोन पाय जवळ असतात म्हणून त्याला धोका जरा कमी, पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. विजा होत असताना झाडाखाली किंवा टॉवरच्या कुंपणाला टेकून उभं राहू नये ते याचसाठी. उलट तारेवरची चिमणी बघा. तिच्या दोन्ही पायांखाली एकच दाब, तिला काही होत नाही. दाब किती आहे यापेक्षा दोन पायांतला फरक किती आहे हे महत्त्वाचं.

टॉवरवरच्या यंत्राची गाय होऊ द्यायची नाही, चिमणी करायची! म्हणून टॉवरचं अर्थिंग, खोलीचं अर्थिंग, जनित्राचं अर्थिंग, कुंपण, केबलची आवरणं, हे सगळं जाड पट्टीने एकमेकांना जोडून टाकतात. काही लोकांना वाटतं, विजेचं अर्थिंग वेगळं आणि यंत्रांचं वेगळं ठेवलं की यंत्रं सुरक्षित. नेमकं उलटं होतं. वेगवेगळे खड्डे म्हणजे गाईचे पुढचे आणि मागचे पाय. सगळं जोडलेलं असेल तर तीन लाखांवर सगळेच एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात, आपापसांत फरक पडत नाही.

पण एक पाय तरीही बाहेर राहतो. टॉवरला महावितरणची लाइन येते ती दूरच्या डीपीवरून, आणि डीपीजवळची जमीन त्या क्षणी शांत असते. तसंच वर गेलेली ४८ व्होल्टची तार. तिला जमिनीला थेट जोडून टाकता येत नाही, नाहीतर रोजची वीजच वाहून जाईल. इथे हवा सांडवा.

धरणाचा सांडवा माहीत आहे ना? पाणी ठराविक पातळीच्या खाली असतं तेव्हा सांडवा म्हणजे नुसती भिंत. पातळी वर गेली की पाणी सांडव्यावरून बाहेर पडतं आणि धरण वाचतं. विजेच्या सांडव्यांचे दोन प्रकार जास्त दिसतात. पहिला, करंगळीच्या पेराएवढी चिनीमातीची नळी, आत निष्क्रिय वायू आणि समोरासमोर दोन धातूची टोकं. रोजच्या दाबाला वायू वीज अजिबात जाऊ देत नाही. दाब ठराविक मर्यादेवर गेला की आत ठिणगी पडते आणि हजारो अँपिअर त्यातून जमिनीकडे निघून जातात. दुसरा, बिस्किटासारखी एक चकती. ती बनते मुख्यतः झिंक ऑक्साइडपासून, म्हणजे त्वचेच्या पांढऱ्या मलमात असतं त्याच पदार्थापासून! त्याच्या बारीक कणांच्या सीमा कमी दाबाला वीज अडवतात आणि जास्त दाबाला एकदम मोकळं सोडतात. ही चकती १९६० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये मात्सुशिता कंपनीच्या प्रयोगशाळेत विकसित झाली.

यात एक मोठी खुबी आहे. वायूची नळी एकदा पेटली की ती पेटती ठेवायला जेमतेम दहा-वीस व्होल्ट पुरतात. आपल्या घरातली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, तेव्हा ठिणगीला विझायची संधी मिळते. पण बॅटरीची वीज सरळ, तिला शून्य नाहीच! आकाशातली वीज येऊन गेली तरी ४८ व्होल्ट त्या नळीतून वाहतच राहतील, आणि सांडव्याने पुराचं पाणी सोडता सोडता धरणच रिकामं करावं तशी गत होईल. म्हणून ४८ व्होल्टच्या तारेवर नुसती वायूची नळी लावत नाहीत, चकती लावतात, किंवा दोन्ही एकामागे एक. चकती मात्र प्रत्येक तडाख्याने थोडी थोडी झिजते. तिच्या डबीवर बहुधा छोटी खिडकी असते, हिरवी असेल तर ठीक, लाल झाली की बदला. टॉवर सांभाळणाऱ्या माणसाने पावसाळ्याआधी ती खिडकी पाहिली नाही, तर पुढचा तडाखा थेट रेडिओला.

हे सांडवे दोन ठिकाणी लागतात, खाली कपाटाशी आणि वर रेडिओशी. आणि ते जोडण्याची तार आखूड आणि सरळ हवी. मघाचा हिशेब आठवा, दर मीटरला दहा हजार व्होल्ट. म्हणजे नुसत्या वीतभर तारेत हजार-दोन हजार व्होल्ट उभे राहतात. काही कारागिरांना उरलेल्या तारेचं सुरेख वेटोळं करून ठेवायची सवय असते. दिसायला नीटनेटकं, पण वेटोळ्यात तारेचा आळस आणखी वाढतो आणि सांडवा असून नसल्यासारखा. हजारो रुपयांची डबी त्या वेटोळ्यापायी फुकट जाते.

काचेच्या तंतूला यातलं काहीच लागत नाही, काच वीज नेतच नाही. डिशसारखे छोटे इंटरनेटचे रेडिओ मात्र बोलणं आणि वीज दोन्ही एकाच तांब्याच्या केबलमधून घेतात, म्हणून तिथे प्रत्येक तारेला सांडवा हवा. तुमच्या घरीही टीव्हीच्या डिशची, इंटरनेटची तार छपरावरून किंवा खांबावरून येते. विजा चमकायला लागण्याआधी आजी "टीव्हीची वायर काढा रे" म्हणते, ते शंभर टक्के बरोबर आहे. फक्त ढग डोक्यावर येण्याआधी काढायची. कडकडाट सुरू झाल्यावर तारेला हात लावायला जाऊ नका. आणि प्लगबरोबर डिशची तारही काढायची. नुसता प्लग काढून भागत नाही.

एवढा खटाटोप एका डब्यासाठी? तो डबा महाग असतो हे खरंच, पण कारण तेवढंच नाही. आपल्या देशात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसं जातात, त्यातली पुष्कळशी शेतात काम करणारी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने देशभर विजा टिपणारी यंत्रं बसवली आहेत. वीज चमकली की रेडिओलहरी निघतात, जुन्या रेडिओवर 'खर्रर्र' ऐकू येतं ना, त्याच. त्या कोणत्या यंत्रापर्यंत कधी पोचल्या, यावरून वीज कुठे पडली ते कळतं आणि 'दामिनी' नावाच्या ॲपवर आसपासच्या लोकांना इशारा मिळतो. तो इशारा शेतातल्या माणसाच्या फोनवर येतो कुठून? गावाबाहेरच्या टॉवरवरून. वादळाचा पहिलाच तडाखा जर टॉवरचा रेडिओ घेऊन गेला, तर पुढचा इशारा द्यायला कोणी उरत नाही, आणि तोही नेमका त्या दिवशी.

आता या आठवड्याचं कोडं. एका शाळेच्या गच्चीवर इंटरनेटचा छोटा रेडिओ आहे. खालून २४ व्होल्ट दिले आहेत, तो अर्धा अँपिअर धारा घेतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या तारांचा एकूण रोध ४ ओहम आहे. वर किती व्होल्ट पोचतील? आणि तोच रेडिओ दुप्पट लांबीच्या तारेने जोडला, धारा तेवढीच राहिली, तर किती? रेडिओ २१ व्होल्टच्या खाली बंद पडत असेल, तर दुसऱ्या वेळी तो चालेल का? उत्तरं पुढच्या अंकात.